डबा उघडण्याआधी: दहा मीटर रायफलसाठी पेलेट कशी निवडायची

रेंजवर नवीन आलेला पोरगा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक प्रश्न हमखास विचारतो. "सर, बाहेरच्या देशांत लोक म्हणे आपली काडतुसं घरीच भरतात. त्यानं नेम सुधारतो. आपण का नाही करत?" मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. गॅरेजमधलं टेबल, त्यावर प्रेस, शेजारी काटा, आणि दाढीवाला माणूस दाणा-दाणा मोजून दारू भरतोय. पोराच्या डोळ्यांत चमक असते, त्यामुळे एकदम "नाही" म्हणवत नाही.

तर आधी त्या माणसाचं काम समजून घेऊ. रायफलच्या काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी केस, प्रायमर, दारू आणि पुढची गोळी. कारखान्याच्या मालात या चारही गोष्टींत थोडा थोडा फरक राहतो. तीनशे, सहाशे मीटरवर तो थोडा फरक वीतभर होऊन बसतो. घरी भरणारा माणूस काही नवा चमत्कार करत नाही. प्रत्येक काडतूस आधीच्यासारखंच व्हावं एवढाच त्याचा आटापिटा असतो. आणि स्वतःच्या नळीला काय मानवतं, ते तो चाचण्या घेऊन शोधतो.

आपल्याकडे हे घरी करायचं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ परवान्याशिवाय दारूगोळा बनवू देत नाही, विकूही देत नाही. नेमबाजीचा छंद आहे, स्पर्धेची तयारी चाललीय, असल्या सबबी तिथे चालत नाहीत. शिवाय ५० मीटरला जी पॉइंट टू-टू वापरतात, त्या छोट्या काडतुसाचा प्रायमर मसाला (ठिणगी पाडणारा) केसच्या कडेतच भरलेला असतो. एकदा फुटली की केस बाद, परत भरायचा प्रश्नच येत नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) ऑलिंपिक कांस्य आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, म्हणजे आपल्या शेजारचाच. तो ज्या प्रकारात खेळतो त्यातही काडतूस कारखान्याचंच असतं. खेळाडू ते भरत बसत नाहीत, निवडतात. इंग्लंड-जर्मनीतल्या कारखान्यांत रायफल व्हाइसमध्ये (शिकंजात) घट्ट धरून वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेली काडतुसं मारून बघायची सोय असते. ज्या लॉटचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, सगळ्यांत लहान, तो लॉट खेळाडू उचलतो.

हीच निवड आपल्याला सांगली-मिरजेत बसून एअर रायफलच्या पेलेटसाठी, म्हणजे हवेच्या दाबाने सुटणाऱ्या शिशाच्या छोट्या गोळीसाठी, करता येते. खर्च कमी, कायद्याची भानगड नाही, आणि काडतूस भरणाऱ्या माणसाची अर्धी शिस्त यातच शिकून होते. पुढचं सगळं १० मीटर एअर रायफलबद्दल आहे.

आधी स्वतःचा स्कोअर बघा

दहा शॉटच्या सिरीजला सरासरी ९४-९५ पडत नसेल, तर हा लेख वाचून ठेवा, पण पेलेट तोलायचा काटा विकत घेऊ नका. त्या टप्प्यावर चुकणारे गुण ट्रिगर झटकल्याने, श्वासाने, उभं राहण्याच्या पद्धतीने जातात. पेलेट बदलून ते परत मिळत नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण रेंजवर मी स्वतःला सगळ्यांत जास्त वेळा ऐकवली आहे.

आकडेही समजून घ्या, ते पुढे लागतील. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पुढची प्रत्येक रिंग अडीच मिमीने लांब. पेलेटची कड ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिमीच्या आत पडला की दहा. हे अडीच मिमी पुन्हा दहा भागांत वाटलेत. पाव मिमी सरकलात की एक दशांश गेला: १०.९ चं १०.८. क्वालिफिकेशनला साठ शॉट, जास्तीत जास्त ६५४. यात पेलेटमुळे वाया जाणारे गुण दशांशांतच असतात. पण राज्य स्पर्धेत फायनलची आठवी जागा कितीदा त्या दशांशांवरच ठरते, हे ज्याची नववी आलीय त्याला विचारा.

डब्यावर काय लिहिलंय

एअर रायफलची मॅच पेलेट ४.५ मिमीची असते. तोंड सपाट, कंबर बारीक, मागचा घागरा पोकळ. सपाट तोंडामुळे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं, म्हणून गुण मोजता येतात. टोकदार पेलेट शेतात डबडं उडवायला ठीक, पण कागदात ती चिरफाड करते. घागरा हवेच्या दाबाने फुलतो आणि नळी बंद करतो. डोकं मात्र नळीतल्या आट्यांवरून (आतल्या पिळदार खाचांवरून) फिरत पुढे जातं. म्हणून डोक्याचं माप महत्त्वाचं. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे दिसतील, ते डोक्याचेच. तुमच्या नळीला यातलं कुठलं बसतं हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही, कंपनीलाही नाही.

दुसरा आकडा वजनाचा. रायफलची मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅम. पिस्तुलासाठी हलक्या असतात, ०.४५ च्या आसपास. नवीन पोरं कितीदा तरी पिस्तुलाचा डबा स्वस्त मिळाला म्हणून उचलून आणतात.

तिसरा आकडा कुणी वाचत नाही, आणि खरा तोच. डब्याच्या मागे किंवा तळाला स्टिकरवर बॅच नंबर असतो. साचा झिजतो, नवा लागतो, शिशाच्या मिश्रणात थोडा फरक पडतो. कंपनी तीच, नाव तेच, ४.५० तेच, तरी बॅच वेगळी म्हणजे माल वेगळा.

हे मी पैसे घालवून शिकलो. एका स्पर्धेत एक डबा मिळाला. त्याचं ग्रुपिंग असं की रेंजवरचे चार जण कार्ड हातात घेऊन बघत होते. परत आल्यावर त्याच नावाचे आठ डबे मागवले. नंबर न बघता. आले, उघडले, मारले, आणि ग्रुप उघडला तो उघडलाच. दोन दिवस मी रायफलचे स्क्रू आवळत होतो. तिसऱ्या दिवशी जुन्या रिकाम्या डब्याचं बूड उलटं केलं, तेव्हा लक्षात आलं. ते आठही डबे पुढे सरावात गेले.

काचेवर गडगडवा

डबा घेताना हलवून आवाज ऐकायची सवय मोडा. शिसं मऊ असतं. एकमेकांवर आपटून घागऱ्याच्या कडा दबतात. चांगल्या डब्यात वर फोमची चकती असते. ती फेकू नका, प्रत्येक वेळी परत ठेवा. डबा खाली पडला तर त्यावर मार्करने "सराव" लिहायचं आणि वाद न घालता बाजूला ठेवायचा.

पेलेट ओतायच्या असतील तर मऊ पंचावर. एका वेळी तीस-चाळीस, जास्त नाही. हातात भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं असेल तर उत्तम. आधी मागून बघा. घागऱ्याची कड पूर्ण गोल हवी. एका बाजूला चपटी, दातरा पडलेली, आत शिशाचा कीस अडकलेला, असं काही दिसलं की बाजूला. मग तोंड बघा. सपाट चकतीवर खळगा किंवा फुगवटा नको.

नंतर काचेचा तुकडा घ्या. फोटोफ्रेमची काचही चालते. एक कड वहीवर टेकवून थोडा उतार करा आणि पेलेट आडवी सोडा. ती सरळ जाणार नाही. घागरा डोक्यापेक्षा किंचित मोठा असतो, त्यामुळे ती वळण घेत जाते, बैलगाडीचं एक चाक लहान असावं तशी. चांगल्या पेलेट एकाच वळणाने, आवाज न करता जातात. दबलेली पेलेट मध्येच टुणकन उडते किंवा अडखळते. दहा-बारा सोडल्या की डोळ्याला सवय होते, आणि मग भिंगातून सुटलेलीही काचेवर सापडते. यासाठी यंत्र लागत नाही. माझ्या मते या अख्ख्या लेखातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट हीच आहे. वजन करण्यापेक्षाही.

वजन: करा, पण वेडे होऊ नका

पहिल्यांदा वजन करायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे काटा नव्हता. आपल्या जिल्ह्यात विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी (वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी) देशभर पसरली आहेत. अचूक तोलणं म्हणजे काय, हे त्यांच्यापेक्षा कोण जास्त जाणणार? ओळखीचे एक गलाईवाले काका दिवाळीत गावी आले होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेलेट बोटांत फिरवून बघितली.

"शिसं तोलायला आलास व्हय रं? ह्येचा काय भाव?"

"भाव नाही काका. सारख्या वजनाच्या वेगळ्या काढायच्यात."

"मग आधी पंखा बंद कर. आन् त्या काट्यावर वाकून श्वास सोडू नगंस."

ती दोन वाक्यं आजही माझ्या काट्याच्या झाकणावर लिहिलेली आहेत.

काटा ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. दागिन्यांच्या छोट्या कामासाठी मिळतो तो पुरतो. सपाट, न हलणाऱ्या फरशीवर किंवा ओट्यावर ठेवा, लाकडी टेबलाचा भरवसा नाही. चालू करून पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या, मग सोबतच्या वजनाने शून्य-माप तपासा. दर वीस पेलेटनंतर परत तपासा. छोटे काटे गरम होता होता सरकतात आणि आपल्याला वाटतं पेलेट बदलल्या. चिमटा प्लॅस्टिकचा. धातूचा चिमटा घागरा दाबतो, म्हणजे वजन सुधारता सुधारता पेलेट बिघडली.

वाट्या मांडा: ०.५२५ पर्यंतच्या एकीत, ०.५२६ ते ०.५३० दुसरीत, ०.५३१ ते ०.५३५ तिसरीत, त्यावरच्या चौथीत. चांगल्या बॅचमध्ये मधल्या दोन वाट्या भरतात आणि कडेच्या जवळजवळ रिकाम्या राहतात. पेलेट चारही वाट्यांत सारख्याच पसरल्या असतील, तर काट्याला दोष देण्याआधी बॅचला द्या.

आता हिशेब. मॅच रायफलमधून पेलेट साधारण सेकंदाला १७० ते १७५ मीटरने निघते. दहा मीटर जायला तिला सहा शतांश सेकंदाच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात ती साडेसोळा मिमी खाली येते. वजनात ०.००५ ग्रॅमचा फरक पडला, म्हणजे एक टक्का, तर वेग अर्धा टक्का बदलतो आणि खाली येण्यात फरक पडतो दीड-दशांश मिमीचा. एक दशांश गुण पाव मिमीचा असतो हे वर आलंय. म्हणजे शेजारच्या वाटीतली पेलेट मारली तर एक दशांशही पूर्ण जात नाही! पण ०.०२ ग्रॅम हलकी पेलेट चुकून आली तर सहा-दशांश मिमी, म्हणजे दोन-अडीच दशांश गुण गेले. तोलण्याचा फायदा एवढाच: कळपातली चुकार गुरं बाजूला काढायची. सगळी गुरं एका उंचीची करायला बसू नका. पाचशे पेलेट तोलायला दोन तास जातात. ते दोन तास कोरड्या सरावाला (पेलेट न भरता नेम धरून ट्रिगर दाबायला) दिलेत तर जास्त गुण येतील. मी आता फक्त स्पर्धेच्या शंभर पेलेट तोलतो. कधीकधी त्याही नाही.

वाळूची पिशवी

पेलेटची चाचणी उभ्याने घ्यायची नाही. उभ्याने तुम्ही स्वतःची चाचणी घेता. रायफल टेकवूनच मारायची.

मोठ्या ठिकाणी व्हाइस असतो, आपल्याकडे जुनी जीन्स आहे. दोन पाय गुडघ्याखाली कापा, एक तोंड शिवा, नदीची बारीक वाळू चाळून, उन्हात खडखडीत वाळवून तीन-चतुर्थांश भरा, दुसरं तोंड शिवा. ठासून भरलेली पिशवी दगडासारखी होते, रायफल तिच्यावर घसरते. थोडी ढिली असली की रायफल आपली जागा करून बसते. वाळू ओली राहिली तर आठवड्यात कुबट वास येतो आणि रायफलच्या लाकडालाही ओल लागते.

टेबल जड हवं. पुढची पिशवी स्टॉकच्या (रायफलच्या लाकडी अंगाच्या) पुढच्या भागाखाली, नळीखाली कधीच नाही. नळीला काहीही टेकलं की ग्रुप सरकतो. मागची छोटी पिशवी बटाखाली, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाखाली. डाव्या हाताने ती पिशवी किंचित दाबली की नेम वर-खाली होतो. रायफलला हाताने दामटायचं नाही. रेंजवर टार्गेट १.४ मीटर उंचीवर असतं. टेबलावरून सोयीचं पडत नसेल तर मागे पक्की शिशपेटी (पेलेट अडवणारी पेटी) ठेवून कार्ड खाली लावा. हे सगळं रेंजवरच करा, घराच्या बोळात नाही.

स्प्रिंगच्या रायफलवर शिकत असाल तर एक वेगळी गोष्ट. पिस्टन पुढे धावताना रायफल उडते, आणि पिशवीवर घट्ट दाबलीत तर दरवेळी वेगळी उडते. ती तळहातावर सैल ठेवा, तळहात पिशवीवर. ग्रुप मोठा येईल, पण तो खरा असेल.

दाबाखालच्या हवेच्या सिलेंडरवाल्या रायफलला प्रत्येक शॉटला हवा सारखीच मिळायला लागते. प्रत्येक ग्रुपच्या सुरुवातीला दाब वहीत लिहा आणि दाबाचा काटा कंपनीने सांगितलेल्या खालच्या खुणेजवळ येण्याआधी भरा. सिलेंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते, त्यापासून दहा वर्षं झाली की तो बाद. चकचकीत दिसतोय म्हणून वापरू नका. आणि एक गोष्ट मोठ्याने सांगतो, कारण कुपवाडच्या एमआयडीसीत वेल्डिंगचं दुकान दिसलं की कुणीतरी हा सल्ला देतोच: त्यात ऑक्सिजन भरायचा नाही. कधीच नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा एक ठिपका एकत्र आला की स्फोट होतो. कोरडी हवा, एवढंच.

मारायची पद्धत

तीन प्रकारच्या पेलेट घ्या, त्याहून जास्त नको. समजा एकाच कंपनीच्या ४.४९ आणि ४.५०, आणि दुसरीची एक. मित्राला सांगा की त्या तीन सारख्या डब्यांत भरून अ, ब, क लिही, कुठली कुठे ते मला सांगू नकोस. हा आगाऊपणा वाटेल. पण महाग पेलेट हातात असली की माणूस ट्रिगर जपून दाबतो, हे मी स्वतःवर बघितलंय.

पेलेट बदलली की पहिले दहा शॉट मोजायचे नाहीत. नळीत आधीच्या शिशाचा थर असतो, नवी पेलेट त्यावर आपला थर बसवते. मग दहाचा एक ग्रुप. पुढच्या कार्डावर दुसरी पेलेट, पुन्हा आधी दहा सोडून. अ, ब, क, मग परत अ, ब, क. असे प्रत्येकीचे पाच ग्रुप. सलग पाच ग्रुप एकाच पेलेटचे मारले तर शेवटची पेलेट तुमच्या थकलेल्या डोळ्यांची शिक्षा भोगते. तीनशे शॉट होतात, एका दिवसात उरकू नका. दोन सकाळी घ्या.

मोजायचं व्हर्नियर कॅलिपरने, भोकांच्या सगळ्यांत बाहेरच्या कडांमध्ये. त्यातून ४.५ वजा केले की पेलेटच्या मध्यांमधलं अंतर मिळतं. कागदाची किनार आत वळते, म्हणून भोक पेलेटपेक्षा किंचित लहान दिसतं. कार्डामागे जाड पुठ्ठा लावला तर कड स्वच्छ पडते. वाचायचं असं: बाहेरून बाहेर ९.५ मिमीच्या आत सगळे शॉट असतील, तर नेमका मध्य धरल्यास ही रायफल आणि पेलेट सगळे दहा देऊ शकतात. ७ मिमीच्या आत असतील तर सगळे १०.५ किंवा वर. त्यापुढे जे जातं ते तुमच्याकडून.

इथे नवखे फसतात. पहिलाच ग्रुप छान आला की पोरगं उड्या मारतं, "हीच पेलेट!" एकाच डब्यातून, एकाच बसकीत मारलेले दोन ग्रुप मिमी-दीड मिमीने सहज वेगळे येतात. त्यात पेलेटचा काही संबंध नसतो. एका ग्रुपवरून निकाल देणं म्हणजे एका ओव्हरवरून बॅट्समन निवडणं. पाचही ग्रुपची सरासरी काढा आणि सगळ्यांत वाईट ग्रुप कुठला तेही लिहा. सरासरीत दोन पेलेट जवळजवळ सारख्या आल्या, तर जिचा वाईट ग्रुप कमी वाईट ती घ्या. तरीही बरोबरी असेल तर स्वस्त घ्या, आणि मनातून शंका काढून टाका. पाच शॉटच्या ग्रुपची दहाच्या ग्रुपशी तुलना तर नकोच. शॉट वाढले की ग्रुप मोठा होणारच. रायफलसोबत कंपनीकडून येणारं चाचणीचं कार्ड आणि तुमचं कार्ड शेजारी ठेवून निराश होण्याआधी त्यावर किती शॉट आहेत ते मोजा.

एखादा शॉट एकटाच बाहेर गेला तर? तो सुटताना तुम्हाला हातात कळलं होतं का? कळलं असेल तर कार्ड बघण्याआधीच "गेला" म्हणायची शिस्त ठेवा आणि तो ग्रुप परत मारा. कळलं नसेल तर तो पेलेटच्या खात्यात. कार्ड बघून मग आठवलेली चूक धरायची नाही.

घ्यायच्या किती

आता बॅच नंबर हातात आहे. दुकानदाराला तोच नंबर सांगा, स्टिकरचा फोटो पाठवा, आणि "तीच कंपनी आहे ना" या उत्तरावर समाधान मानू नका. रोजच्या सरावाला साइटर (सुरुवातीचे, न मोजायचे शॉट) धरून शंभर शॉट, आठवड्यात चार दिवस, म्हणजे पाचशेचा डबा सव्वा आठवड्यात संपतो. सगळा सराव महाग पेलेटने करणं बहुतेकांना परवडत नाही आणि गरजही नाही. सरावाला साधी मॅच पेलेट, स्पर्धेला निवडलेली बॅच. फक्त स्पर्धेआधीचे दहा-बारा दिवस निवडलेलीच मारा, म्हणजे साइट त्याच पेलेटवर बसते. वर्षभराच्या स्पर्धा आणि त्याआधीचे ते दिवस मोजले की चार-सहा डब्यांत भागतं.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एवढं लक्षात ठेवा. शस्त्र नियम २०१६ नुसार नळी ४.५ मिमीपेक्षा मोठी किंवा ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असलेल्या एअर रायफलला परवाना लागतो. मॅच रायफलची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ती यात येत नाही. तरी विकत घेताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. बिल जपा, प्रवासात रायफलसोबत ठेवा. स्वारगेटच्या स्टँडवर लांबट पेटी बघून कुणी थांबवलं, तर बिल दाखवणं हे तासभर समजावण्यापेक्षा बरं.

ओल आणि हात

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई आमच्या गावभागातल्या घरात आली. रायफल माळ्यावर होती, वाचली. पेलेटचे सहा डबे खालच्या कपाटात होते. पाणी ओसरल्यावर उघडले तर आत पांढरी पूड, पेलेट एकमेकींना चिकटलेल्या, जणू हरभऱ्याला बुरशी आली. शिशाला ओल लागली की असंच होतं. पूर लागत नाही, जुलैतली आपली हवा पुरते. डबे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. पांढरी झालेली पेलेट धुऊन, पुसून स्पर्धेत वापरू नका. ती सरावातही नको, कारण ती पूड बोटांवर येते.

शिसं विषारी आहे आणि ते पोटातूनच जास्त जातं. शॉटच्या मध्ये भडंगाच्या पुडीत हात घालणारी पोरं मी रोज बघतो. सांगलीत भडंग सोडा म्हणणं कठीण आहे हे मान्य, पण आधी साबणाने हात धुवा, नुसत्या पाण्याने नाही. पेलेट ओठांत धरून भरायची जुनी सवय काही ज्येष्ठांना अजून आहे. त्यांना आदराने थांबवा. शिशपेटीतली भुकटी झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. आणि जमलेलं शिसं घरच्या गॅसवर वितळवायचं नाही, भंगारवाल्याला द्यायचं. लहान मूल घरात असेल तर रेंजचा शर्ट बाहेरच काढा.

नळी

नळी साफ करण्याबद्दल जेवढी माणसं तेवढी मतं. माझं असं: पाचशेएक शॉटनंतर, किंवा ग्रुप कारण नसताना उघडला की, फेल्टचे बोळे मागून तोंडाकडे जातील असे ढकलायचे. बोळा स्वच्छ निघेपर्यंत. लोखंडी गज तोंडाकडून घालू नका. नळीच्या तोंडाची कड घासली गेली की निवडलेल्या बॅचचा काही उपयोग नाही. साफ केल्यावर लगेच स्पर्धा नको, आधी वीस-पंचवीस शॉट मारून थर बसू द्या.

त्या वीस-पंचवीस शॉटसाठीही तोच डबा घ्या ज्यावर मार्करने बॅच नंबर, उघडल्याची तारीख आणि "स्पर्धा" लिहिलंय. "सराव" लिहिलेला डबा त्या दिवशी पिशवीतच राहू द्या.